जुन्या इटालियन दाखल्यांतील व्यवसायांची नावे : ‘ब्राच्चाले’ म्हणजे बांगडी कशी?

पारिजातक

नमस्कार. मी तुरीनला राहते. माझ्या सासऱ्यांचे घराणे मूळचे इटलीच्या दक्षिणेकडील बासिलिकाता प्रदेशातल्या एका डोंगरी गावचे. साठच्या दशकात दक्षिणेतून असंख्य कुटुंबे कामधंद्यासाठी इकडे आली, त्यांत सासरेही आले, आणि गावाशी असलेला संबंध हळूहळू लग्नपत्रिका आणि मृत्यूच्या बातम्या यांपुरताच उरला. यंदा माझ्या मुलीने वंशवृक्ष काढायला घेतला, तेव्हा इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचे ‘आन्तेनाती’ नावाचे जे संकेतस्थळ आहे, तिथून मी १८३० ते १८६५ या काळातले जन्म, विवाह आणि मृत्यूचे बरेच दाखले उतरवून घेतले. हे सगळे फुकट पाहता येते, ही मोठीच सोय आहे.

बोलण्यापुरते इटालियन मला येते. हस्ताक्षराची सवय व्हायला महिना लागला. आता नावे, तारखा, वये बऱ्यापैकी लागतात, पण छापील ओळीत ‘दी प्रोफेस्सिओने’ म्हणजे ‘व्यवसायाने’ असे लिहून पुढे जी मोकळी जागा सोडलेली असते, तिथे कारकुनाने हाताने लिहिलेल्या शब्दांनी मला अगदी बेजार केले आहे.

पहिला शब्द ‘ब्राच्चाले’. शब्दकोशात पाहिले, तर अर्थ मनगटातले कडे. भाषांतर करणाऱ्या यंत्रानेही तेच सांगितले. म्हणजे सासऱ्यांचे खापरपणजोबा व्यवसायाने बांगडी होते! बांगड्या विकणारे असतील असे म्हणून मी पुढे गेले, तर त्या गावात दर तिसरा पुरुष बांगडीच निघाला.

दुसरा शब्द ‘फाब्ब्रिकातोरे’. हा मात्र मला कळला असे वाटते, कारण घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते की आपल्या पूर्वजांचा गावाकडे कापडाचा कारखाना होता आणि पुढे कुणाच्या तरी जुगारात तो गेला. फाब्ब्रिका म्हणजे कारखाना, म्हणून फाब्ब्रिकातोरे म्हणजे कारखानदार. शिवाय त्याच दाखल्यात त्यांची बायको ‘फिलात्रीचे’, म्हणजे सूत कातणारी, असे स्पष्ट लिहिलेले आहे. नवरा कारखानदार, बायको सूतकामावर देखरेख करणारी, गोष्ट जुळते. सासूबाईंना तर इतका आनंद झाला की त्यांनी तो कागद चौकटीत बसवून घ्यायचे ठरवले आहे.

तरीही मनात थोडी शंका आहे. या शब्दांचे जुने अर्थ जाणणारे कुणी इथे आहे का? ‘मास्सारो’, ‘वातिकाले’, ‘स्कार्पेल्लीनो’ हेही शब्द अडले आहेत.

कुळकथा

पारिजातक, चौकट करायला टाकली नसेल, तर दोन दिवस थांबा.

आधी सोपा शब्द घेऊ. ‘ब्राच्चो’ म्हणजे बाहू, हात. ज्याच्याजवळ विकायला स्वतःच्या हातांखेरीज काही नाही, तो ब्राच्चाले. आजच्या इटालियनमध्ये याच अर्थाने ‘ब्राच्चान्ते’ म्हणतात, पण नापोलीच्या जुन्या राज्यात, म्हणजे तुमच्या बासिलिकातासह मुख्य भूमीवरच्या सगळ्या दक्षिणेत, कागदोपत्री ब्राच्चाले हाच शब्द रूढ होता. आपल्याकडचा ‘मोलमजूर’ किंवा ‘रोजंदारीवरचा शेतमजूर’ त्याच्या सर्वांत जवळचा. दर तिसरा माणूस ब्राच्चाले असणे म्हणूनच स्वाभाविक आहे. ‘जोर्नालिएरे’ म्हणजे दिवसाच्या मजुरीवरचा आणि ‘त्साप्पातोरे’ म्हणजे कुदळ मारणारा, हे त्याचेच भाऊबंद. या शेवटच्या शब्दाचीही फसगत ठरलेली आहे, कारण आजचा कोश तिथे सैन्यातला सुरुंग-खंदकवाला सैनिक दाखवतो आणि मग घराण्यात नसलेला एक शूरवीर जन्माला येतो.

आता दुसरा शब्द. तुमच्या घरच्या गोष्टीला धक्का लागणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. दक्षिणेतल्या एकोणिसाव्या शतकाच्या दाखल्यांत फाब्ब्रिकातोरे म्हणजे गवंडी. ‘फाब्ब्रिका’ या शब्दाचा जुना अर्थ बांधकाम असा आहे. रोमच्या सेंट पीटर बॅसिलिकाचे बांधकाम आणि देखभाल पाहणाऱ्या संस्थेला आजही ‘फाब्ब्रिका दी सान पिएत्रो’ म्हणतात, आणि ती काही कारखाना नव्हे. यंत्रांचे कारखाने आल्यावर तो शब्द त्यांना चिकटला. उत्तरेत गवंड्याला ‘मुरातोरे’ म्हणत, आज सगळीकडेच म्हणतात, त्यामुळे फाब्ब्रिकातोरे गवंडी होता हे तुमच्या सासऱ्यांच्याही कानाला नवीन वाटेल.

फिलात्रीचेचा अर्थ तुम्ही बरोबर लावला आहे, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. त्या काळी दक्षिणेतल्या गावांत जवळजवळ प्रत्येक गरीब घरातली बाई चातीवर सूत कातत असे, आणि कारकुनाला बाईच्या नावापुढे काही तरी लिहायचे असे, म्हणून तो फिलात्रीचे लिहून मोकळा होई. शेजारच्या गावात दुसरा कारकून ‘तेस्सित्रीचे’, म्हणजे विणकर, लिहीत असे, तर तिसऱ्या गावात सगळ्या बायका ‘कोन्तादीना’, म्हणजे शेतकरीण, असत. बायका त्याच, काम तेच, फरक लिहिणाऱ्याचा. एका गावच्या एका वर्षाच्या वहीत सर्व बायकांचे व्यवसाय सलग वाचून काढा, मग त्या शब्दाला किती वजन द्यायचे ते तुमचे तुम्हालाच कळेल.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्याच दाखल्यात दोन पुरावे शोधा. पहिला पुरावा नावाआधीचा. खरा कारखानदार, जमीनदार, डॉक्टर किंवा वकील असता, तर कारकुनाने नावाआधी ‘दोन’ (आपला आकडा नव्हे, मानाची उपाधी) लिहिल्याशिवाय लेखणी पुढे नेली नसती. कसबी कारागिराला ‘मास्त्रो’ म्हणत आणि ब्राच्चालेच्या नावामागे काहीच नसे. दुसरा पुरावा अगदी तळाशी, सह्यांच्या जागी. तिथे काय लिहिले आहे ते शब्दशः इथे द्या.

उरलेले शब्द थोडक्यात. वातिकाले म्हणजे खेचरांच्या तांड्यावर धान्य, मीठ, तेल वाहून नेणारा. आपल्या बैलांच्या तांड्यांचे लमाण आठवा. स्कार्पेल्लीनो म्हणजे पाथरवट. ‘स्कार्पारो’ याच्याशी त्याची गल्लत करू नका, तो पादत्राणे करणारा. घाईच्या अक्षरात दोन्ही शब्दांची सुरुवात सारखीच दिसते आणि शेवटच्या अक्षरांनी धंदा बदलतो. मास्सारोवर सावकाश लिहावे लागेल.

मोडीवाचक

कुळकथा यांनी ‘फाब्ब्रिका’ शब्दाचे जे सांगितले, ते वाचताना हसू आले, कारण आपल्याकडे हुबेहूब हेच घडले आहे. ‘कारखानीस’ आडनावाच्या माझ्या एका मित्राला शाळेत सगळे ‘तुझ्या पणजोबांची मिल होती का’ असे विचारत. शिवकाळात आणि पेशवाईत कारखाना म्हणजे सरकारी कोठी किंवा खाते. ‘अठरा कारखाने’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला, आणि किल्ल्यावरच्या धान्य-दारूगोळ्याच्या साठ्याचा हिशेब ठेवणारा तो कारखानीस. यंत्रे नंतर आली आणि शब्दावर बसली. तेव्हा पारिजातक, तुमच्या सासरच्यांनी चूक केली ती मराठी माणसानेही केलीच असती.

मला विचारायचे आहे ते असे की या व्यवसायांच्या नोंदी १८०९ साली असे दाखले सुरू होण्याच्या आधीच्या कुठल्या कागदांत मिळतात का? आपल्याकडे मोहतर्फ्याच्या झाडत्यांत सुतार, लोहार, तेली, साळी असे गावचे सगळे कारागीर सापडतात, कारण धंद्यावर कर होता. कर असला की यादी असतेच.

कुळकथा

मोडीवाचक, नेम अचूक लागला. नागरी नोंदी नेपोलियनच्या काळात सुरू झाल्या. नापोलीच्या राज्यात १८०९ पासून, सिसिली बेटावर १८२० पासून, आणि एकीकृत इटलीत १८६६ पासून सगळीकडे एकच पद्धत लागू झाली, जरी व्हेनिस आणि रोमकडच्या भागांना त्यानंतर आणखी काही वर्षे लागली. त्याआधीची भिस्त चर्चच्या वह्यांवर, आणि त्या लॅटिनमध्ये.

परंतु दक्षिणेत एक अप्रतिम साधन आहे. बोरबोन घराण्यातल्या राजा कार्लोने १७४० च्या दशकात गावोगाव कर-पाहणी करवली, तिला ‘कातास्तो ओन्चारिओ’ म्हणतात. प्रत्येक कुटुंबाची माणसे, वये, धंदा, घर, जमीन, गुरे, कर्ज, सगळे त्यात येते. ‘ओन्चा’ हे हिशेबाचे एकक होते, सहा दुकात नाण्यांचे. हाताने काम करणाऱ्याच्या श्रमालाही ‘इन्दुस्त्रिआ’ या सदराखाली किंमत लावत. ब्राच्चालेला साधारण १२ ओन्चे आणि कारागिराला १४. आणि जे ‘सरदारी थाटात जगतात’, त्यांच्या नावापुढे तसेच लिहून त्यांना या आकारणीतून सूट. म्हणजे तुमचा मोहतर्फाच, फक्त त्यात मजूरही धरलेला. ‘इन्दुस्त्रिआ’ शब्द वाचून पुन्हा कुणी कारखाना शोधू नये, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

लॅटिन वह्या वाचणाऱ्यांसाठी एकच इशारा. ‘सार्तोर’ हा शिंपी आणि ‘सुतोर’ हा पादत्राणे शिवणारा. उपाध्यायाचे अक्षर वाईट असले की अनेक वंशवृक्षांत चांभाराचे शिंपी होतात आणि पुढच्या पिढीत परत चांभार.

हिरवाचाफा

मी उत्तरेत, लोम्बार्दियात, राहते. इथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. कुळकथा यांनी दिलेले अर्थ दक्षिणेचे आहेत, ते घेऊन कुणी पो नदीच्या खोऱ्यातले दाखले वाचू लागले तर पुन्हा फसेल.

मास्सारो हाच शब्द घ्या. तुमच्याकडे तो शेतकरी. इकडे जुन्या कागदांत मास्सारो म्हणजे गावाच्या किंवा चर्चच्या सामाईक मालमत्तेचा खजिनदारही असू शकतो. शेतकऱ्याला इकडचे काही उपाध्याय ‘विल्लिको’ लिहीत. ‘फित्ताबिले’ शब्दाचा कोशातला अर्थ भाडेकरू, म्हणून माझ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी आपल्या पूर्वजाला गरीब कूळ ठरवून टाकले होते. लोम्बार्दियाच्या ओलिताखालच्या सपाटीवर फित्ताबिले म्हणजे एखाद्या जहागीरदाराचे किंवा इस्पितळाचे शेकडो एकर रान खंडाने घेऊन, पदरी पन्नास माणसे ठेवून, दुभती जनावरे बाळगून शेती करणारा बडा असामी. मूळ जमीनमालकापेक्षा त्याच्याजवळ रोख पैसा जास्त असे.

उलटे उदाहरण तोस्कानाचे. तिथे ‘पिजोनाले’ म्हणजे शब्दशः घरभाडे देणारा. वाचून वाटते शहरी मध्यमवर्गीय माणूस. प्रत्यक्षात ज्याला कसायला शेतच मिळाले नाही, म्हणून जो खेड्यात खोली भाड्याने घेऊन पडेल ते काम करी, तो पिजोनाले. त्याच्या वरच्या पायरीवर ‘मेत्साद्रो’ किंवा ‘कोलोनो’, म्हणजे अर्धेलीने जमीन करणारा. ही अर्धेली तिथे इतकी मुरलेली होती की नवे अर्धेलीचे करार करायला बंदी घालणारा कायदा थेट १९६४ साली आला.

आणि हो, दाखल्यात महिन्याच्या जागी ७ हा आकडा आणि पुढे ‘ब्रे’ असे दिसले तर तो जुलै समजू नका. सात म्हणजे ‘सेत्ते’, म्हणून तो ‘सेत्तेम्ब्रे’, सप्टेंबर. आपण ‘सप्त’ म्हणतो तोच हा सात. मी माझ्या सासरच्या तीन वाढदिवसांच्या तारखा चुकवून बसले होते.

पारिजातक

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सगळे झोपल्यावर दाखला पुन्हा उघडला आणि पडद्यावर मोठा करून पाहिला. सन १८४१, मुलाच्या जन्माचा दाखला. छापील पान उभे दोन भागांत विभागलेले आहे, डावीकडे जन्माची नोंद आणि उजवीकडच्या अरुंद रकान्यात बाप्तिस्म्याची. गावचा महापौरच नोंदणी अधिकारी. त्याच्यापुढे बाप हजर झाला, वय एकोणतीस, व्यवसाय फाब्ब्रिकातोरे, आणि त्याने नवजात मूल दाखवले.

नावाआधी ‘दोन’ नाही. काहीच नाही. मात्र त्याच पानावर महापौराच्या नावाआधी ‘दोन’ ठसठशीत वळणात लिहिला आहे, म्हणजे कारकून विसरला असे म्हणता येत नाही.

तळाशी असे लिहिले आहे : हा दाखला हजर झालेल्याला आणि साक्षीदारांना वाचून दाखवला, त्यानंतर त्यावर आम्ही सही केली, कारण हजर झालेल्याने आणि साक्षीदारांनी आपल्याला लिहिता येत नाही असे सांगितले. त्याखाली एकट्या महापौराची सही.

कापडाच्या कारखान्याचा मालक, आणि स्वतःचे नाव लिहिता येत नाही, हे मलाही पटेना.

मग कुळकथा यांनी सांगितल्याप्रमाणे त्या वर्षाची जन्मांची वही पहिल्यापासून शेवटपर्यंत बायकांसाठी वाचली. फिलात्रीचे, फिलात्रीचे, ‘वरीलप्रमाणे’, फिलात्रीचे. गावची सुईण आणि ज्यांच्या नावाआधी ‘दोन्ना’ आहे अशा मोजक्या बायका सोडल्या, तर सारे गाव सूत कातत होते. साक्षीदारांचीही गंमत दिसली. पानामागून पाने तेच दोघे, त्यांतला एक ‘सेर्वियेन्ते’. हा कचेरीतला शिपाई असावा, असा माझा अंदाज.

सासूबाईंना अजून सांगितलेले नाही. आता मास्सारोबद्दल लिहा, कारण या फाब्ब्रिकातोरेचा सासरा आपल्या लग्नाच्या वेळी ब्राच्चाले आहे, मुलीच्या लग्नात मास्सारो आहे, आणि मृत्यूच्या दाखल्यात चक्क ‘पोस्सिदेन्ते’, म्हणजे मालमत्ताधारक. एकाच आयुष्यात माणूस इतका वर चढू शकत होता का?

कुळकथा

शिपायाचा अंदाज बरोबर आहे. साक्षीदार हवे असत आणि तो हाताशी असे.

मास्सारोसाठी आधी अक्षराची एक खोड. जुन्या लेखनात दोन ‘स’ एकापाठोपाठ आले की पहिला लांब, वाकडा काढत, आणि तो ‘फ’सारखा दिसतो. ‘माफ्सारो’ असे काही वाचून तुम्ही कोश धुंडाळत बसला असाल तर तुम्ही एकट्या नाही.

दक्षिणेतला मास्सारो म्हणजे ज्याच्या दावणीला स्वतःची बैलजोडी आहे असा शेतकरी. जमीन त्याची असेलच असे नाही. बहुधा खंडाचीच असे. पण बैल आणि नांगर स्वतःचे असल्यामुळे तो दुसऱ्याच्या दारात मजुरीला उभा राहत नसे, उलट पेरणी-कापणीला ब्राच्चाले लोकांना कामावर लावत असे. पुलियात मास्सारो याहून मोठा, ‘मास्सेरिआ’ नावाच्या सबंध शेतवाडीचा कारभारी. आपल्याकडे ‘बैलबारदाना असलेला’ म्हटल्यावर माणसाची गावातली जागा जशी डोळ्यांपुढे उभी राहते, तसेच ते आहे.

आता चढण्याचा प्रश्न. चढणे अशक्य नव्हते. नापोलीच्या राज्यात सरंजामशाही १८०६ साली कायद्याने संपली, जमिनी हातोहात फिरल्या, आणि काही घराणी खरोखर वर आली. ती मुख्यतः ज्यांच्याजवळ आधीच थोडा पैसा होता त्यांची. परंतु तीन दाखल्यांत तीन शब्द दिसले म्हणून तीन पायऱ्या धरू नका. प्रत्येक दाखल्यात माहिती देणारा कोण, हे आधी पाहा. विवाहाच्या वेळी माणूस स्वतः समोर उभा असतो आणि गावाला त्याचे सगळे माहीत असते. मृत्यूच्या दाखल्यात तो बोलायला नसतो. शेजारी किंवा नातलग येऊन सांगतात, त्यांना वयही नीट ठाऊक नसते, आणि मेलेल्याविषयी चांगले बोलावे ही रीत सगळीकडे आहे. एखादे द्राक्षमळ्याचे तुकडे नावावर असले तरी पोस्सिदेन्ते लिहायला तेवढे पुरे होई. शिवाय कारकून बदलला की शब्द बदलतो. एका कारकुनाचा ब्राच्चाले दुसऱ्याच्या हातात ‘कोन्तादीनो’ होतो आणि एकीकरणानंतरच्या नव्या छापील वह्यांत जुने स्थानिक शब्द झपाट्याने विरळ होत जातात.

खात्री करायची तर ‘प्रोचेस्सेत्ती’ पाहा. विवाहाच्या दाखल्याला जोडलेल्या कागदांचे ते पुडके असते. वराचा जन्माचा उतारा, वधूचा जन्माचा उतारा, बाप वारला असल्यास त्याच्या मृत्यूचा उतारा, आणि तसे असल्यास आजोबांच्याही मृत्यूचा, कारण बापामागे संमती देण्याचा अधिकार आजोबांचा असे. म्हणजे एका लग्नात तीन पिढ्यांचे व्यवसाय हाती लागतात, तेही वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले. नावांमधले ‘दी’ आणि ‘फू’ही सोडू नका. बापाच्या नावाआधी ‘दी’ असेल तर बाप हयात, ‘फू’ असेल तर बाप कैलासवासी. या दोन अक्षरांवरून मृत्यूची वही कुठल्या वर्षापासून मागे चाळायची ते ठरते.

गोंयकार

विषय सोडून जात नाही, पण शब्दांच्या नात्याविषयी थोडे लिहितो, कारण मराठी-कोंकणी कानाला यांतले काही शब्द परके नाहीतच.

‘मास्त्रो’ हा लॅटिन ‘माजिस्तेर’वरून आला. त्याच लॅटिन शब्दाचे पोर्तुगीज रूप ‘मेस्त्र’, आणि त्यावरून आपला मेस्त्री, मिस्त्री. गोव्यात सुतारकाम करणाऱ्यांना मेस्त म्हणतात. तेव्हा बासिलिकातातल्या सुताराच्या नावाआधी मास्त्रो दिसला तर ‘अमुक मेस्त’ असे मनात वाचा. मानही तेवढाच आणि मर्यादाही तीच.

जेनोआच्या बंदरातल्या ओझेवाल्याला ‘कामाल्लो’ म्हणतात. तो अरबी ‘हम्माल’, म्हणजे आपला हमाल. सिसिलीच्या ‘गाबेल्लोतो’ची गंमत याहून मोठी. तिथले सरदार पालेर्मोत राहत आणि आपली अफाट जमीन एखाद्या इसमाला ठरावीक रकमेवर इजाऱ्याने देत. तो ती तुकड्यातुकड्याने कुळांना लावी आणि मधला मलिदा खाई. त्या कराराला ‘गाबेल्ला’ म्हणत, अरबी ‘कबाला’वरून. आपला ‘कबूल’ आणि शेतकऱ्याने लिहून द्यायची ‘कबुलायत’ याच धातूपासून झालेले आहेत. गाबेल्लोतोचे मराठी भाषांतर ‘इजारदार’ इतके चपखल दुसऱ्या कुठल्या भाषेत होत असेल असे वाटत नाही.

लिव्होर्नोच्या दाखल्यांत पोवळ्यांचा व्यापार करणारे कुणी सापडले तर मला जरूर कळवा. अठराव्या शतकात तिथले यहुदी व्यापारी भूमध्य समुद्रातली पोवळी गोव्याला पाठवत आणि इथल्या सारस्वत व्यापाऱ्यांकडून बदल्यात हिरे घेत. ती पोवळी कुणाकुणाच्या गळ्यात गेली असतील, कोण जाणे.

मोडीवाचक

गोंयकार, शब्द एक असला तरी माणूस एक असेलच असे नाही, एवढे मात्र म्हणावेसे वाटते. सिसिलीच्या ट्यूना मासेमारीत सगळ्या होड्यांच्या प्रमुखाला ‘राइस’ म्हणतात; तोही अरबीच शब्द, आणि आपला ‘रईस’ही तोच. पण आपला रईस गादीवर लोळतो आणि त्यांचा राइस भर उन्हात जाळ्यावर उभा असतो. दाखल्यात ‘राइस’ वाचून कुणी पूर्वजांना नवाब करू नये.

गोंयकार

मान्य. नवाब करणार नाही.

आंबेमोहोर

मी बराच वेळ नुसता वाचत होतो. माझी सून सिसिलीकडच्या घराण्यातली आहे. तिच्या आजोळच्या कागदांत अकरा वर्षांच्या मुलापुढे ‘कारूसो’ असे लिहिलेले आहे. ते आडनाव आहे की व्यवसाय?

कुळकथा

आंबेमोहोर, आडनावही असू शकते, पण व्यवसायाच्या जागी असेल आणि गाव काल्तानिस्सेत्ता किंवा आग्रिजेन्तो भागातले असेल, तर उत्तर वाचायला जड जाईल. ‘कारूसु’ म्हणजे सिसिलियन बोलीत पोरगा. गंधकाच्या खाणींत ‘पिक्कोनिएरे’, म्हणजे कुदळ्या, आत दगड फोडत असे आणि फोडलेला माल पाठीवर घेऊन अरुंद, चढणीच्या पायऱ्यांवरून वर आणण्याचे काम या पोरांकडे असे. आत उष्णता इतकी की ती बहुधा उघडीच काम करत. पिक्कोनिएरे मुलाच्या घरच्यांना आगाऊ रक्कम देत असे, तिला ‘सोक्कोर्सो मोर्तो’ म्हणत, आणि ती फिटेपर्यंत मुलगा त्याच्याकडे बांधलेला. रक्कम बहुधा लवकर फिटत नसे.

त्या मुलाचा पुढचा विवाहाचा दाखला सापडतो का ते पाहा. त्यात ‘त्सोल्फातारो’ लिहिले असेल तर तो खाणीतच राहिला.

आंबेमोहोर

सापडला. १८९४ सालचा. त्यात ‘कार्रेत्तिएरे’ आहे.

कुळकथा

म्हणजे गाडीवान. बाहेर पडला म्हणायचा.

पारिजातक

उशिरा लिहिते आहे. प्रोचेस्सेत्तीचे पुडके सापडले. फाब्ब्रिकातोरेच्या लग्नाला जोडलेल्या कागदांत त्याच्या बापाच्या मृत्यूचा उतारा आहे, त्यातही व्यवसाय फाब्ब्रिकातोरे, आणि आजोबांच्या मृत्यूच्या उताऱ्यात ‘मास्त्रो’ ही उपाधी लावून पुन्हा तेच. बायकोकडचा तो पोस्सिदेन्ते मात्र त्याच्या धाकट्या मुलीच्या लग्नात, म्हणजे मरणाच्या दोनच वर्षे आधी, मास्सारोच होता. कुळकथा, तुमचे म्हणणे खरे ठरले. दोन वर्षांत त्याने काही मिळवले असेल तर ते शेजाऱ्यांच्या तोंडीच.

रविवारी जेवणानंतर घरात सांगितले. सासूबाई आधी रागावल्या. कारखाना जुगारात गेला असे त्या पन्नास वर्षे ऐकत आल्या होत्या, आणि आता तो मुळात नव्हताच हे कळल्यावर तो जणू दुसऱ्यांदा गेला. मी त्यांना तळाची ओळ दाखवली, ‘लिहिता येत नाही असे सांगितले’. त्यांनी चष्मा लावून ती स्वतः वाचली आणि काही बोलल्या नाहीत.

सासरे तुरीनला आले तेव्हा पहिली सहा वर्षे बांधकामावर होते, मोटारीच्या कारखान्यात ते नंतर लागले. हे मला ठाऊक होते, पण त्या दिवशीपर्यंत या दोन गोष्टी मी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. ते बराच वेळ पडद्यावरच्या कागदाकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी एवढेच विचारले की त्याने गावात कोणती घरे बांधली ते यात कुठे लिहिले आहे का.

तसे लिहिलेले नाही. सप्टेंबरात आम्ही गावी जाणार आहोत.